पूर्ण जठर काढल्यानंतर घरी आहार कसा द्यावा?

प्रश्न : मृणाल, लालबाग

नमस्कार.

माझ्या सासऱ्यांचे वय ६४ आहे. जठराच्या कर्करोगामुळे त्यांचे संपूर्ण जठर काढावे लागले असून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडलेली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीच्या चार सायकल झाल्या होत्या आणि उरलेल्या चार आता सुरू करायच्या आहेत. आजारापूर्वी त्यांचे वजन ६६ किलो होते, आज ते ५४ भरते. वजन असेच उतरत राहिले तर पुढची केमो त्यांना झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यामुळे घरातील सर्वांचे लक्ष त्यांच्या ताटाकडे लागलेले असते.

अडचण अशी आहे की जे जे ताकदीचे म्हणून दिले जाते, नेमका त्याचाच त्यांना त्रास होतो. सासूबाई सकाळी साजूक तुपातला शिरा करतात. अर्धी वाटी पोटात गेली की पंधरा-वीस मिनिटांत बाबांना दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात गुडगुडते आणि तातडीने शौचाला जावे लागते. आमचे घर चाळीत आहे, शौचालय गॅलरीच्या टोकाला आहे, आणि अशा अवस्थेत तिथपर्यंत जाताना ते पडतील या धास्तीने कोणीतरी सतत त्यांच्या मागे असते. भेटायला येणारी मंडळी नारळपाणी, मोसंबीचा रस, ग्लुकोजची पावडर, खजूर असे काही ना काही घेऊन येतात आणि आग्रहाने देतात; त्यानंतरही थोड्याफार फरकाने हेच घडते. काही वेळा मात्र त्रास जेवणानंतर दीड-दोन तासांनी होतो. तेव्हा शौचाला होत नाही, पण हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बोलणे थोडे असंबद्ध होते.

त्यांना भूक अजिबात लागत नाही. “तुम्ही म्हणता म्हणून खातो,” असे ते म्हणतात. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘थोडे थोडे, वारंवार खावे’ एवढेच लिहिलेले आहे. थोडे म्हणजे किती, पाणी केव्हा द्यावे, आमच्याकडे मासे खातात तर मासे कधीपासून चालतील, ते वर्षानुवर्षे सोमवारचा उपवास करतात तो करू द्यावा का, आणि शेजारच्या काकांच्या म्हणण्याप्रमाणे हिमोग्लोबिन चांगले असेल तर बी-१२ चे इंजेक्शन टाळता येते का, या सगळ्यांविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, परळ

मृणालताई, तुम्ही फार नेमके वर्णन केले आहे. त्यात दोन वेगवेगळे त्रास आहेत आणि त्यांवरचे तातडीचे उपायही वेगळे आहेत.

अन्न पचवण्याइतकेच ते साठवणे, घुसळणे आणि पुढे थोडे थोडे सोडणे हे जठराचे काम असते. जठर नसल्यावर शिऱ्यासारखा गोड पदार्थ किंवा फळांचा रस पाहता पाहता लहान आतड्यात उतरतो. साखरेचे ते दाट द्रावण रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते, आतडे ताणले जाते, काही संप्रेरके एकाएकी स्रवतात आणि घाम, धडधड, गुडगुड, जुलाब हे सगळे एकत्र सुरू होते. जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत येणाऱ्या या त्रासाला ‘अर्ली डम्पिंग’ म्हणतात. त्या वेळी त्यांना पाठीशी दोन-तीन उशा लावून मागे रेलून बसवावे. अर्ध्या तासात बहुधा ओसरते. पूर्ण आडवे करू नये, कारण जठर काढलेल्या माणसाचे पित्त अन्ननलिकेत सहज वर येऊ शकते.

दीड-दोन तासांनी येणारा त्रास हा ‘लेट डम्पिंग’चा असावा. साखर झपाट्याने रक्तात शोषली जाते, तिला आवरण्यासाठी स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि मग रक्तातील साखर एकदम खाली येते. घरात ग्लुकोमीटर ठेवा. साखर ७० पेक्षा कमी असेल, किंवा तपासायला वेळच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्या आणि बरे वाटू लागताच उकडलेले अंडे किंवा पनीरचा तुकडा द्या, म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही. ते गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा. असंबद्ध बोलण्याची गोष्ट पुढच्या तपासणीपर्यंत मनात ठेवू नका, उद्याच डॉक्टरांना कळवा. त्यांना आधीपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण जुना डोस आता जास्त होत असण्याची शक्यता असते.

आता ताटाकडे येऊ. आजारी माणसाला पातळ, गोड आणि चटकन पोटात जाणारे द्यावे असे आपल्या घरांतून मनापासून मानले जाते आणि त्यामागे मायाच असते. जठर नसलेल्या माणसाला मात्र याच्या अगदी उलट हवे असते: मऊ पण घट्ट, गोड नसलेले, प्रत्येक खाण्यात प्रथिने असलेले, आणि सावकाश खाल्लेले. म्हणून शिरा, ग्लुकोजचे पाणी, रस, सरबत, खजुराचे लाडू आणि साखर घातलेले दूध सध्या पूर्ण बंद करावे. ग्लुकोजच्या पावडरीने ताकद येते हा समज तर या रुग्णांना फारच महागात पडतो. नारळपाणी अधूनमधून अर्धा कप, तेही जेवणापासून दूर, एवढेच ठेवावे. पेज द्यायची तर ती पातळ करून वाटीभर पाजण्याऐवजी दाट शिजवून, त्यात दही किंवा घोटलेली मुगाची डाळ कालवून चमच्याने द्यावी.

५४ किलो वजनाला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने आणि १३५० ते १६२० कॅलरी हे उद्दिष्ट धरतात. हे तीन जेवणांत बसणे शक्य नाही, म्हणून सहा ते आठ खाणी करावी लागतात. उदाहरणार्थ, सकाळी सातला एक अंडे, तव्यावर मऊ परतलेले, आणि सोबत अर्धी पोळी. साडेनऊला वाटीभर घट्ट दही, त्यात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर फेटलेली. चव बदलत नाही आणि पाचेक ग्रॅम प्रथिने वाढतात. बाराला गुरगुट्या भात, घट्ट वरण आणि छोटा चमचा तूप. अडीचला पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून, त्यावर जिरेपूड आणि मीठ. पाचला मुगाचे मऊ धिरडे. साडेसातला भाताच्या दोन घासांबरोबर वाफवलेला मासा. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी दुसरे अंडे किंवा वाटीभर नाचणीची दाट, ताकातली पेज. प्रत्येक वेळचे प्रमाण अर्ध्या ते पाऊण वाटीपासून सुरू करावे आणि सोसेल तसे वाढवावे. ताटात प्रथिनांचा पदार्थ आधी खायला द्यावा आणि भात-पोळी नंतर, कारण पोट भरल्याची भावना लवकर येते आणि मग उरते ते अंडेच.

मासे आता सुरू करायला हरकत नाही, फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मऊ घन आहाराची परवानगी दिलेली असावी. पापलेट, ताजे बोंबील आणि सुरमईचा मधला काटेविरहित भाग वाफवून किंवा कमी तिखटाच्या कालवणात शिजवून द्या. बोंबील इतका मऊ असतो की चावायला त्रास होणाऱ्यांनाही चालतो, मात्र त्याचा मधला काटा काढून टाका आणि रव्यात घोळून तळू नका. सुकी मासळी, कोलंबी आणि मटणाचे तुकडे नंतर पाहू. पायाचे सूप द्यावे का, असे अनेक जण विचारतात; त्यात वर तरंगणारी चरबी बरीच असते आणि प्रथिने समजुतीपेक्षा कमी असतात, त्यामुळे त्यावर माझा भर नसतो.

पाणी जेवताना देऊ नये. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून, दोन खाण्यांच्या मधल्या वेळात घोट घोट करून दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी जावे. घास घशाशी कोरडा वाटत असेल तर एखादा घोट चालेल, पेलाभर नको.

दुधाने पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील तर काही आठवडे दूध थांबवून दही-ताकावर राहावे, कारण शस्त्रक्रियेनंतर दुधातील साखर पचवण्याची क्षमता अनेकांमध्ये काही काळ कमी होते. आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. शौच फिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारे असेल तर चरबी पचत नाही असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा तूप वाढवून वजन वाढत नाही, उलट स्वादुपिंडाच्या पाचकरसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तर पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण उरकल्यावर नव्हे.

उत्तर : डोंबिवलीकर, स्वतः रुग्ण

ताई, माझेही पूर्ण जठर काढलेले आहे आणि मी पुन्हा नोकरीवर रुजू झालो आहे, हे आधी बाबांना सांगा. या आजारात त्याच वाटेने गेलेला आणि सध्या कामावर जाणारा माणूस आहे हे कळण्याचा उपयोग औषधाइतका होतो.

भुकेबद्दल लिहितो, कारण घरच्यांना ते सर्वांत कमी कळते. भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. जठरच नसल्यावर पोटात कावळे ओरडत नाहीत. माणूस रुसलेला नसतो, खचलेलाही नसतो, त्याला खरोखरच काही जाणवत नाही. म्हणून “भूक लागली की सांगा” असे म्हणू नये आणि “खाल्लेच पाहिजे” असा धोशाही लावू नये. मी मोबाइलवर गजर लावतो. गजर झाला की खातो, औषधाची वेळ झाल्यासारखे. बाबांनाही गजर त्यांच्या हातात द्या. घरातले चार जण आठवण करून देतात तेव्हा प्रत्येक घास वादाचा होतो.

दुसरी बाब वेगाची. अर्धी वाटी वरणभात खायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मी चहाच्या चमच्याने खातो, मोठा चमचा हातात घेत नाही, आणि एक घास पूर्ण चावून गिळेपर्यंत चमचा ताटलीत खाली ठेवतो. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटते. पण एखाद्या दिवशी सभेच्या घाईत तेवढाच भात दहा मिनिटांत खाल्ला तर पुढचा अर्धा तास छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखे होते, आणि तोच भात सावकाश खाल्ला तर काहीही होत नाही. चावण्याने जठराचे निम्मे काम तोंडातच उरकते असे मला वाटते. कवळी सैल झाली असेल तर ती आधी नीट करून घ्या. वजन उतरल्यावर हिरड्या आक्रसतात आणि कवळी हलू लागते, ही गोष्ट सहसा कुणी विचारातच घेत नाही.

बाहेर पडताना माझ्या पिशवीत दोन छोट्या स्टीलच्या डब्या असतात. एकीत भाजलेले चणे आणि पनीर, दुसरीत उकडलेले अंडे. शिवाय खिशात साखरेच्या दोन पुड्या. गाडी उशिरा आली, कुर्ल्याला अडकून पडलो, तरी वेळ चुकत नाही. लोकलमध्ये दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, त्यासाठी आजाराची कागदपत्रे जवळ ठेवावीत. केमोच्या दिवशी लालबागहून टॅक्सीनेच जा, पण पुढे कधी लांब जायचे झाले तर ही सोय लक्षात असू द्या.

रात्री झोपताना पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच केलेली आहे. नुसत्या उशा रात्रीतून सरकतात आणि पहाटे तोंडात कडू पित्त येते.

वजनाचा धसका घेऊ नका. पहिल्या काही महिन्यांत आधीच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के घट बहुतेकांची होते आणि पुढे ती थांबते. पूर्वीचे ६६ किलो परत येतील असे बाबांना सांगत बसू नका. जिथे वजन स्थिर होईल तिथे ताकद परत येते, आणि शरीर त्या वजनात रुळते.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, दादर

मी केवळ बी-१२ च्या प्रश्नापुरते लिहितो, कारण शेजारच्या काकांचा सल्ला पाळला गेला तर त्याचे परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतील आणि तोवर उशीर झालेला असेल.

अन्नातील बी-१२ शोषले जाण्यासाठी जठराच्या पेशींतून स्रवणारा एक घटक आवश्यक असतो, ज्याला ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणतात. जठर संपूर्ण काढल्यावर तो कायमचा नाहीसा होतो. तरीही लगेच काही बिघडत नाही, याचे कारण यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो संपायला एक ते काही वर्षे लागतात. आज हिमोग्लोबिन चांगले आहे याचा अर्थ साठा अजून शिल्लक आहे एवढाच होतो. साठा संपल्यावर हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे येतात, आणि मज्जातंतूंची झालेली हानी नंतर इंजेक्शन देऊनही पूर्ण भरून येईलच असे नसते. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या परस्पर चालू केल्यास रक्तातील दोष झाकला जातो आणि मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालू राहते, म्हणून तेही करू नये. संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाला बी-१२ आयुष्यभर द्यावे लागते, बहुधा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन ठरावीक अंतराने. रोज जास्त मात्रेची गोळी घेऊनही काम भागते, कारण अगदी थोडा अंश इंट्रिन्सिक फॅक्टरवाचूनही शोषला जातो. परंतु कोणता मार्ग घ्यायचा ते डॉक्टरांनी ठरवावे आणि रक्ततपासणीने पडताळावे.

या विषयाला थोडा इतिहासही आहे. थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला आणि १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढून रुग्ण वाचवून दाखवला. बी-१२ मात्र शुद्ध स्वरूपात १९४८ मध्ये हाती आले. जठराशिवाय दीर्घकाळ निरोगी जगणे शक्य झाले त्यात शल्यचिकित्सकांइतकाच या एका जीवनसत्त्वाचा वाटा आहे, म्हणून मला त्याची हेळसांड पाहवत नाही.

लोह आणि कॅल्शियम यांचेही थोडक्यात सांगतो. आम्ल नसल्यामुळे आणि अन्न आता आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जात असल्यामुळे दोन्हींचे शोषण कमी होते. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी. कॅल्शियमची गोळी कार्बोनेटऐवजी सायट्रेटची असावी, कारण तिला विरघळायला आम्ल लागत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. चाळीतल्या खोलीत दिवसचे दिवस बसून असलेल्या माणसात ते कमी निघण्याची शक्यता फार असते.

आणखी एक धोका नोंदवतो. उलट्या अनेक दिवस चालू राहिल्या तर बी-१ म्हणजे थायमिन झपाट्याने कमी होते आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याआधी जठर काढलेले आहे हे डॉक्टरांना ठळकपणे सांगावे आणि थायमिन आधी द्यायला सांगावे.

मृणाल, लालबाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बी-१२ चा मुद्दा मी घरात वाचून दाखवला आणि तो प्रश्न मिटला. सासूबाईंनी आज शिऱ्याऐवजी धिरडे केले होते, ते बाबांनी सावकाश खाल्ले आणि घाम आला नाही.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. त्यांच्या पोटाच्या डाव्या बाजूला आतड्यात घातलेली आहाराची नळी अजून तशीच आहे. तोंडाने खाणे सुरू झाल्यापासून आम्ही तिचा वापर थांबवला आहे. ती वापरावी का, आणि घरी केलेले मिक्सरमधले पातळ अन्न तिच्यातून देता येते का? दुसरे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे काय करावे, हे खरोखर समजत नाही. माणसे प्रेमाने येतात, त्यांना परत पाठवता येत नाही.

उत्तर : संगमेश्वरकर, सध्या नायगाव

ताई, आईच्या उपचारांच्या वेळी आम्ही आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि नंतर नायगावला चुलतभावाकडे राहिलो, तेव्हा ही नळी मीच सांभाळत असे. नळी वापरात नसली तरी तिच्यातून दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी सिरिंजने सोडावे लागते, नाहीतर ती आतून चोंदते. आम्हाला प्रत्येक वेळी तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी सांगितले होते. बुंध्याजवळची त्वचा रोज साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी ठेवावी, नळीवर त्वचेलगत पेनाने खूण करावी आणि ती खूण जागेवर आहे ना ते रोज पाहावे. खूण सरकलेली दिसली, किंवा नळी निसटली, तर तिच्यातून काहीही सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण ते छिद्र काही तासांतच आक्रसू लागते.

घरचे अन्न या नळीतून देण्याच्या मी विरुद्ध आहे. ही नळी बारीक असते. डाळ कितीही घोटली आणि मलमलच्या कापडातून गाळली तरी थंड झाल्यावर ती आत चिकटते. शिवाय त्यात नेमकी किती प्रथिने गेली हे कळत नाही आणि उन्हाळ्यात ते अन्न लवकर आंबते. रुग्णालयातून लिहून दिलेली तयार पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात, स्वच्छ हातांनी, लागेल तेवढीच कालवावी. एकदम सिरिंजने दाबून देऊ नये. आतड्यात एकाएकी गेले तर नळीतूनही डम्पिंग होतेच. आईला आम्ही रात्री बाटली टांगून, पाठ उंच ठेवून, थेंब थेंब देत असू. त्यामुळे दिवसा तिच्यावर खाण्याचा ताण राहिला नाही. तुमच्या बाबांचे तोंडाने खाणे वाढेपर्यंत रात्रीच्या नळीतून काही कॅलरी भरून काढता येतील का, हे आहारतज्ज्ञांना अवश्य विचारा. नळी आहे हे तुमचे भाग्य समजा, ती काढण्याची घाई करू नका.

भेटायला येणाऱ्यांबद्दल आम्ही एकच केले. दारामागच्या फळीवर खाण्याच्या वेळांचा कागद लावला आणि कोणी काही घेऊन आले की तिथे उभे राहून तो वाचून दाखवला. त्यातही “काय आणू?” असे विचारणाऱ्याला आम्ही काम सांगत असू: कोणाला अंडी आणायला, कोणाला संध्याकाळी आईबरोबर गॅलरीत दहा मिनिटे चालायला. माणसांना काहीतरी करायचे असते. नारळ हातात देण्याऐवजी त्यांनी हात दिला तर रुग्णाचे चालणे वाढते, आणि नुसते खाऊन स्नायू भरत नाहीत, त्यासाठी चालावेच लागते. मात्र टाके भरेपर्यंत पाण्याची कळशी किंवा बादली त्यांना उचलू देऊ नका. किती आठवडे ते डॉक्टरांना विचारा.

उत्तर : आहारतज्ज्ञ, परळ

नळीबद्दल वर जे लिहिले आहे त्याला माझा दुजोरा आहे. मृणालताईंचे दोन मुद्दे माझ्याकडून राहिले होते.

सोमवारचा उपवास केमो संपेपर्यंत करू देऊ नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याची खिचडी अर्धी वाटी खाऊन पुढे तीन तास काही न खाणे म्हणजे साखर खाली आणण्याचीच तयारी होय. श्रद्धेचा भाग सोडवत नसेल तर सोमवारच्या खाण्याच्या सगळ्या वेळा तशाच ठेवून पदार्थ उपवासाचे करा: पनीर, दही, राजगिऱ्याची दाट लापशी, शेंगदाण्याच्या कुटाची घट्ट आमटी थोड्या वरीच्या भातावर. वेळा मोडू नयेत एवढाच माझा आग्रह आहे. चातुर्मासातील निर्जळी उपवास मात्र त्यांनी कायमचे सोडावेत.

केमोमध्ये ऑक्सालिप्लॅटिन असेल, आणि जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी चार व नंतर चार सायकल दिल्या जाणाऱ्या ‘फ्लॉट’ पद्धतीत ते असते, तर प्रत्येक सायकलनंतरचे काही दिवस फ्रीजमधले पाणी, दही, ताक काहीही थंड देऊ नका. घसा आवळल्यासारखे वाटते आणि बोटांना झिणझिण्या येतात. दही बाहेर काढून ठेवावे आणि सामान्य तापमानाला आल्यावर द्यावे. या औषधाच्या झिणझिण्या आणि बी-१२ च्या कमतरतेच्या मुंग्या सारख्याच वाटतात, त्यामुळे त्या कशाच्या आहेत हे घरी ठरवू नये. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून गाडीवरची कापलेली फळे, बाहेरची ओली चटणी, कच्ची कोशिंबीर, अर्धवट शिजलेले अंडे वर्ज्य करावे आणि पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून कोणी काढे किंवा भस्मे आणून दिली तर ती कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय देऊ नका. काही वनस्पती केमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, गिळताना घास वरचेवर अडकू लागला, हिरवट उलट्या झाल्या, पोट फुगून दुखू लागले, डोळे पिवळे दिसले, एका पोटरीला सूज आली किंवा धाप लागली, तर वेळ कोणतीही असो, फोन करून निघा. घास अडकणे हे काही महिन्यांनी सुरू झाले तर जोडलेली जागा आवळल्यामुळे असू शकते आणि दुर्बिणीतून ती रुंद करता येते, तेव्हा पातळ अन्नावर दिवस काढत बसू नका.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर घ्या. रोज घेतले तर घरात रोज चिंता होते. वहीत प्रत्येक खाण्याची वेळ, पदार्थ, प्रमाण आणि त्यानंतर त्रास झाला का, हे चार रकाने आखा. पुढच्या तपासणीला जाताना ही वही, सर्व गोळ्यांची पाकिटे आणि ग्लुकोमीटरचे आकडे सोबत न्या, आणि आहाराची नळी शेवटची केमो होईपर्यंत ठेवता येईल का हे तिथेच विचारून घ्या.